सासरी दम लागतो, माहेरी नाही

माझ्याकडे अधूनमधून बाया येतात. ओटीवर बसतात, पाणी पितात, इकडची तिकडची चार वाक्यं बोलतात आणि मग हळूच विचारतात, तुमचा दमा कसा गेला म्हणून. मी सांगते, गेला नाही. आहे. फक्त आता मला त्याच्या सवयी ठाऊक झाल्यात. हे ऐकलं की निम्म्या बाया हिरमुसतात. त्यांना एखादी मुळी हवी असते, कुठल्या तरी झाडाची साल हवी असते. माझ्याकडे मुळी नाही. जे आहे ते दर वेळी तोंडाने सांगताना माझाच दम जातो, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. मी मराठी सातवीपर्यंत शिकले आहे, अक्षर बरं आहे.

माझं माहेर किहीमचं. वडील एका नारळाच्या वाडीची राखण करायचे आणि आम्ही त्या वाडीतच राहायचो. सासर पालीच्या अलीकडे दोन मैलांवर, भातशेतीचं गाव. घरात माणसं तिघं. सासूबाई, आमचे हे आणि मी. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली असतील आणि मी अठराची होते. तोवर मला आयुष्यात साधा खोकलासुद्धा आठ दिवसांच्या वर टिकला नव्हता.

* * *

भाताच्या गावात सून कशी ओळखायची, तर खळ्यावर उभी राहते त्यावरून. आमचं खळं घरासमोर अंगणातच होतं. पायरी उतरलं की खळं. मध्ये लाकडाची मेढ पुरलेली, तिच्याभोवती बैल फिरवून मळणी करायची. आधी भारे झोडायचे, मग मळायचं, मग सूप डोक्याच्या वर धरून भात वाऱ्यावर सोडायचं, म्हणजे दाणा खाली पडतो आणि फोलकट उडून जातं. मळणीचा महिनाभर घरात सगळीकडे बारीक कुसळ. केसात, अंथरुणात, पिण्याच्या पाण्यावरसुद्धा.

वारवायचं काम मला पहिल्याच वर्षी जमलं. किहीमला मी कधी सूप धरलं नव्हतं, पण वारा कुठून येतो ते समुद्रावरच्या पोरीला सांगावं लागत नाही. सासूबाई कुणाला चांगलं म्हणणाऱ्यातल्या नव्हेत, पण शेजारणीला म्हणाल्या, "हिच्या हाताला वारा वश हाय." मी ते आतून ऐकलं आणि दोन दिवस जमिनीला पाय लागले नाहीत.

त्या वर्षी नुसत्या शिंका आल्या आणि डोळे लाल झाले. दुसऱ्या वर्षी खोकला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे माझी सुमन सहा-सात महिन्यांची होती तेव्हा, मार्गशीर्षात एका सकाळी मी सूप वर धरलं आणि श्वास अडकला. लोकांना वाटतं दम्याच्या माणसाला हवा मिळत नाही. तसं नसतं. हवा आत जाते, ती बाहेर सोडता येत नाही. छाती भरून राहते आणि वर आणखी घ्यावी असं वाटत राहतं. मी खाली बसले, सूप हातातून निसटलं आणि निवडलेलं भात सगळं फोलकटात सांडलं. सासूबाईंनी आधी भाताकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्याचा राग मी वर्षभर मनात ठेवला होता. पण खोटं कशाला सांगू, मीसुद्धा आधी भाताकडेच बघितलं होतं.

* * *

त्यानंतर बरं वाटेना म्हणून मला माहेरी पोचवलं. किहीमला तिसऱ्या दिवशी मी विहिरीचं पाणी शेंदत होते. आठव्या दिवशी वाळूतून सुमनला कडेवर घेऊन पार कोळीवाड्यापर्यंत जाऊन आले. आई म्हणाली, सासरी कामाने पिट्टा पडला असेल. हे न्यायला आले, मी परत गेले, आणि चौथ्या दिवशी पुन्हा छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या.

असं तीनदा झालं. मग गाव काय गप्प बसतं? मायेरी नाचते आन सासरी खोकते, असं पाणवठ्यावर माझ्या पाठीमागे बोलणं सुरू झालं. एकीने तर तोंडावर ऐकवलं, नाचता येईना अंगण वाकडं. सासूबाई घरात स्पष्ट म्हणायच्या की हे नाटक आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण माझं मलासुद्धा कळत नव्हतं. माझा स्वभाव तिखट. सासूबाईंशी माझं रोज काहीतरी वाजायचं. मला माहेर आवडायचं, तिथली हवा आवडायची, आणि गाडी किहीमच्या रस्त्याला लागली की छाती मोकळी व्हायची हे खरंच होतं. मग मला वाटायला लागलं की मीच तर हे करत नाही ना? माझं मन इथे नाही म्हणून छाती बहाणे करत असेल का? ह्या शंकेने मला जितकं खाल्लं तितकं खोकल्याने खाल्लं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण येणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनात हे असतं आणि कुणीही बोलून दाखवत नाही.

आमचे हे कमी बोलणारे. त्यांनी एकदाच विचारलं, "तुला हितं राहायचंच न्हाय का?" मला उत्तर द्यायचं होतं, पण तेव्हा नेमका दम लागलेला, शब्द फुटेना. त्यांना वाटलं मी मुद्दाम गप्प आहे. उठून गोठ्यात गेले.

* * *

सासूबाई नाटक म्हणायच्या खऱ्या, पण सेवेत कसूर केली नाही. आमच्या घरची रीत अशी की बाळंतिणीला आणि आजाऱ्याला नव्या पेंढ्याचं अंथरूण द्यायचं. इतरांनी जुन्यावर झोपायचं. नवा पेंढा ऊबदार असतो, त्याने अंगातली सर्दी ओढली जाते असं त्या म्हणायच्या. मला त्यांनी आतल्या खोलीत, भाताच्या कणगीला लागून जागा दिली, कारण तिथे वारा येत नाही. हातभर जाड पेंढा, वर गोधडी. दर आठ दिवसांनी तो काढून गुरांना घालायच्या आणि उडवीतून ताजा पेंढा स्वतः उपसून आणायच्या. संध्याकाळी ओव्याची आणि लसणीच्या सालींची धुरी. दारं लावून.

पेंढा बदलला की त्या रात्री मला जास्त व्हायचं. जास्त झालं की सासूबाई आणखी लवकर बदलायच्या. सात इयत्ता शिकलेल्या मला ह्या दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत. मला वाटायचं, एवढं करूनही मी बरी होत नाही म्हणजे दोष माझ्यातच आहे.

दोन वर्षं अशी गेली. मी वाळून काटकी झाले. त्या शिमग्याला रोह्याकडून सासूबाईंचे भाऊ आले. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. घरात त्यांचा शब्द मोठा, कारण दर वर्षी मळणीला ते आपली बैलजोडी घेऊन यायचे, त्याशिवाय आमची मळणी पार पडायची नाही. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, हा क्षय आहे. त्या दिवसापासून माझा पेला वेगळा झाला, ताट वेगळं झालं, आणि सुमनला माझ्यापासून उचलून सासूबाईंजवळ झोपवायला लागले. ती पावणेतीन वर्षांची. दाराशी येऊन उभी राहायची, बोट तोंडात, आणि उंबऱ्याच्या आत यायची नाही. तिला तसं सांगितलेलं होतं. मीही तिला हाक मारत नव्हते. क्षयच असेल तर? ह्या भीतीने मी माझ्याच पोरीकडे पाठ करून बसायची.

मामांनी ठरवलं ते मी भिंतीआडून ऐकलं. मला किहीमला कायमचं पोचवायचं, पोर इथे ठेवायची, आणि सदूसाठी, म्हणजे ह्यांच्यासाठी, दुसरी बघायची. दुसरी बायको करू नये असा कायदा झाला होता म्हणे, पण तो आमच्या गावापर्यंत चालत यायचा होता.  हे म्हणाले, "आधी अलिबागला नेऊन छातीचा फोटो काढतो. मग काय ते." त्यांनी मामांसमोर तोंड उघडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं आणि भिंतीआड रडले.

* * *

नागोठण्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे एस.टी. अलिबागच्या दवाखान्यात फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आत बोलावलं. पिकल्या केसांचे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. फोटो उजेडात धरून म्हणाले, क्षय नाही. ह्यांनी पुढे होऊन तो फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. मी रडत होते, पण सुटकेने रडतेय की आता तर नाटकच ठरणार म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी सगळं विचारलं. मी सांगितलं, सासरी लागतो, माहेरी नाही. त्यांनी विचारलं, "सासरी असं काय आहे जे माहेरी नाही?" मी म्हटलं, "सासू." नर्सबाईंनी हसू दाबलं. ह्यांनी खाली बघितलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, आणखी काय? मग त्यांनी माझ्याकडून सबंध वर्ष वदवून घेतलं. पावसात कशी असता, लावणीला कशी, कापणीला, मळणीला, उन्हाळ्यात शेत भाजायला राब जाळतात तेव्हा. सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं. पावसाळाभर मी चिखलात उभी राहते आणि शिंकत नाही. कार्तिकात सुरू होतं.

"निजता कशावर?" त्यांनी विचारलं. मी जरा अभिमानानेच सांगितलं, नव्या पेंढ्यावर, सासूबाई दर आठ दिवसांनी बदलतात. उशाला काय? भाताची कणगी. संध्याकाळी? धुरी. त्यांनी हातातला टाक खाली ठेवला.

"बाई, तुम्हाला दमा आहे," ते म्हणाले, "आणि घरची माणसं माया करून करून तो वाढवतायत."

भाताचं तूस, पेंढ्याची धूळ, राबाचा धूर, हे काही माणसांच्या छातीला सोसत नाही, त्यात कुणाचा दोष नाही आणि नखरा तर नाहीच नाही, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, डॉक्टर, हे शेवटचं ह्यांच्याकडे बघून परत सांगा. त्यांनी ह्यांच्याकडे बघून परत सांगितलं.

* * *

अकरा दिवस बायकांच्या वॉर्डात होते. पहाटे काचेची नळी जिभेखाली, मग पाणचट चहा, मग पेज, मग सुई. एक पांढरी गोळी द्यायचे, तिने छाती सुटायची पण हात असे थरथरायचे की वाटी ओठाला लावताना पेज सांडायची. गादी कापसाची होती. तिसऱ्या दिवशी मी आडवी होऊन झोपले. कार्तिकापासून आडवी झोपले नव्हते.

शेजारच्या खाटेवर काशीदची एक कोळीण होती, जनाबाई, पाय मोडून आलेली. तिच्या सासऱ्याला दमा होता. मला धाप लागली की ती पडल्या पडल्या शिकवायची. उशी मांडीवर घे, तिच्यावर कोपरं टेकून पुढे वाक, आणि चूल फुंकतेस तसा ओठ आवळून श्वास हळूहळू सोड. घ्यायची घाई करू नको, सोडायचं बघ. आजही गोळी हाताशी नसली की मी हेच करते, आणि येणाऱ्या बायांना सगळ्यात आधी हेच शिकवते.

भीती जात नव्हती ती वेगळीच. घरी गेल्यावर आपल्याला जागा आहे की नाही, पोर जवळ येऊ देतील की नाही. जनाबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पोरी, त्ये डाक्तरला न्हाय इचारायचं. त्ये सासूला इचार."

* * *

सासूबाईंना ह्यांनीच सांगितलं. मी ओटीवर उभी होते. पेंढ्याचं आणि धुरीचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, त्या डॉक्टरला शिव्या घालतील. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे मीच तिला मरणाकडं ढकलत व्हते?" आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण कीव आली. ज्या बाईने साठीत दर आठ दिवसांनी उडवीवर चढून माझ्यासाठी पेंढा काढला, तिला हे ऐकायला लागावं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं अंथरूण ओढून गोठ्यात टाकलं, खोली शेणाने सारवली, कणगीची जागा बदलायला लावली आणि स्वतःची सुंभाची बाज माझ्यासाठी आत आणून ठेवली. आपण खाली घोंगडीवर झोपायला लागल्या. पेला पुन्हा एक झाला.  सुमनला मात्र अजून त्याच घेऊन झोपायच्या. मीही मागितली नाही, कारण मामांचं बोलणं अजून मिटलेलं नव्हतं.

उन्हाळ्यात राबाचे दिवस आले. पेरणीच्या जागेवर शेण, पाला, फांद्यांची कवळं अंथरून ती जमीन भाजायची, ही आमच्याकडची शेतीच आहे. सगळं गाव जाळतं, कुणाला नको म्हणणार? जवळच्या शेतात राब लागणार असेल त्या दिवशी मी सकाळीच सुमनला घेऊन पालीला देवळात जाऊन बसायची. तिथे दगडी फरशी, थंडगार. लोकांना वाटायचं, सून फार देवभोळी झाली. गणपतीला खरं काय ते माहीत होतं. घरी आल्यावर नाकातोंडाला ओला पंचा बांधायचा, केस धुवायचे, मगच निजायचं. तरी दोनदा गोळीवर निभलं नाही आणि पालीच्या डॉक्टरकडून सुई घ्यावी लागली.

पावसाळ्यात मी लावणीला उतरले. दिवसभर ओणवी, गुडघाभर चिखल, आणि एकदाही खोकले नाही. सासूबाई बांधावरून बघत होत्या. 

* * *

कार्तिकात मामा बैल घेऊन आले. मी दाराआड होते. ते अंगणात बसले आणि सरळ मुद्द्याला आले. औषध झालं, फोटो झाला, आता ह्या वर्षी सून खळ्यावर उभी राहणार का? नसेल तर तिला किहीमला पाठवा, आणि गेली की परत आणू नका. खळ्यावर न उभी राहणारी सून घरात ठेवायची म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची काय, असं ते बोलले.

मी मनाशी ठरवलं होतं की उभी राहायचं. पंचा बांधेन, गोळी खाईन, पडले तर पडले. किहीमला गेले तर सुमन गेली. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं की खळंच घरापासून लांब न्या, पण हे आईला बोलायला धजले नव्हते. खळ्याची जागा म्हणजे साधी जागा नव्हे. मेढीच्या खड्ड्यात दर वर्षी नारळ फुटतो, पहिलं भात तिथून थेट उंबऱ्याच्या आत येतं. शिवाय लांब खळं म्हणजे रात्रीची राखण आली आणि एकेक दाणा डोक्यावरून वाहून आणणं आलं.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. उठल्या, पहार घेतली आणि मेढीच्या बुडाशी माती उकरायला लागल्या. मामांनी विचारलं काय चाललंय. त्या म्हणाल्या, खळं ओढ्यापलीकडे घालणार. मामा उठून उभे राहिले. "अक्का, वाडवडलांची जागा हाय ती."

"वाडवडलांना आता कुठं श्वास घ्यायचाय?" सासूबाई म्हणाल्या. "हिला घ्यायचाय."

आणि पुन्हा पहार मारली. हे पुढे झाले, त्यांच्या हातातून पहार घेतली आणि मेढ उपटून खांद्यावर टाकली. मला बाहेर जाऊन त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण सासूबाई दाराकडे न बघताच ओरडल्या, "इंदे, दार लाव. माती उडतेय."

त्या वर्षी गावाने पुष्कळ तोंडं वाजवली. मामा चार दिवस रुसले आणि पाचव्या दिवशी बैल घेऊन ओढ्यापलीकडे गेले. मी घरात राहून सगळ्यांचं रांधलं, भाकऱ्या कुणाच्या तरी हाती पोचत्या केल्या. वारवायला सासूबाई उभ्या राहिल्या. संध्याकाळी त्या कुसळाने माखून यायच्या, ते थंडीचे दिवस, तरी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायच्या नाहीत. मला त्या मळणीत दोनदा दम लागला, पण गोळीवर भागलं. मी सूप पुन्हा कधी धरलं नाही, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं.

खळं हललं त्याच दिवशी, दिवेलागणीला, सासूबाई सुमनला उचलून आतल्या खोलीत आल्या. मी बाजेवर बसले होते. त्यांनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, आता हिला तूच निजव, मला दमायला झालंय. सुमन आधी अंग चोरून बसली, तिला माझ्याजवळ निजायची सवयच राहिली नव्हती. मग थोड्या वेळाने तिने माझ्या छातीला कान लावला आणि आजीला सांगितलं की आईच्या आत काही वाजत नाही.